'लाइन' म्हणजे नक्की काय? एका सोप्या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि पर्यायी शब्द, नवीन शिकणाऱ्यांसाठी

इंग्रजी शिकताना आपण मोठ्या शब्दांना घाबरतो, पण खरं डोकं खातात ते छोटे शब्द. 'फोटोसिंथेसिस' एकदा पाठ केला की संपलं, त्याचा दुसरा अर्थच नाही. 'लाइन' घ्या बरं. पहिलीतल्या पोराला पण येतो, आणि तरी 'शी फरगॉट हर लाइन्स', 'ही क्रॉस्ड द लाइन', 'वॉट लाइन ऑफ वर्क आर यू इन' ही तीन वाक्यं लागोपाठ आली की चांगला शिकलेला माणूस पण एक क्षण थांबतो, कारण तिन्हीकडे 'रांग' किंवा 'रेषा' टाकून बघितलं तर अर्थ नीट जमत नाही.

त्यात आपली एक जास्तीची अडचण अशी की हा शब्द मराठीत पण रोजचा झालाय. लाइन लागते, लाइन मारतात, लाइन जाते, कुणीतरी लाइनवर येतो. यातलं काही इंग्रजीत चालतं, काही अजिबात नाही. म्हणून हाच शब्द घेऊन सांगतो, पद्धत एकदा कळली की 'पॉइंट', 'हेड', 'बँक', 'केस' असल्या बाकीच्या त्रासदायक शब्दांना पण तीच लावता येते.

पायरी १: आधी मूळ धागा पकडा (हो, खरोखरचा धागा)

प्रिन्स्टन विद्यापीठाचा वर्डनेट नावाचा शब्दांचा मोठा डेटाबेस आहे, त्यात नाम म्हणून 'लाइन'चे जवळपास 30 अर्थ दिलेत. 30 अर्थ पाठ करायला बसलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल, त्यामुळे ते करूच नका.

त्याऐवजी शब्द आला कुठून ते बघा. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवसाचं झाड. जवसाच्या खोडापासून धागा निघतो, त्याचं कापड म्हणजे लिनन, आणि त्या धाग्याला लॅटिनमध्ये म्हणायचे 'लिनेआ'. तिथून आली लाइन. म्हणजे लिनन, लिनसीड म्हणजे आपलं जवस, कपड्याचं लायनिंग म्हणजे अस्तर (पूर्वी अस्तराला लिनन लावायचे म्हणून), आणि लाइन, ही सगळी एकाच घरातली मंडळी.

आता धागा ताणून धरला की काय होतं? सरळ खूण मिळते, म्हणून रेषा. त्या खुणेवर माणसं उभी केली की रांग, अक्षरं मांडली की ओळ. धाग्याऐवजी तार ओढली की टेलिफोनची लाइन, रूळ टाकले की रेल्वेची. बाप, मुलगा, नातू असा धागा पुढे नेला की वंश, तो पण लाइनच. आणि यात आपल्याला नवल वाटायचं काही कारण नाही, आपल्या 'सूत' आणि 'सूत्र' या शब्दांनी हाच उद्योग केलाय की. सूत म्हणजे धागा, पण 'सरळसूत' मध्ये सरळपणा आला, गणितात सूत्र आलं, कार्यक्रमाला सूत्रसंचालक आला, आणि 'त्यांचं सूत जुळलं' मध्ये तर प्रेम पण आलं.

तर ही पहिली सवय: नवीन वाक्यात 'लाइन' दिसली की मनात एक ताणलेला धागा आणा आणि विचारा, इथे धाग्यासारखं काय आहे.

पायरी २: अर्थ खोक्यांमध्ये टाका

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी कॉम्प्युटरला शब्दाचा नेमका अर्थ ओळखायला शिकवायचा प्रयोग केला तेव्हा परीक्षेसाठी त्यांनी मुद्दाम 'लाइन' हाच शब्द निवडला होता, आणि अर्थाची सहा खोकी केली होती: मजकूर, दोरी, सीमा, रांग, फोन, आणि मालाची श्रेणी. मजा म्हणजे त्यांच्या वाक्यांमध्ये निम्म्याहून जास्त वापर शेवटच्या अर्थाचे निघाले, कारण त्यात आर्थिक वर्तमानपत्रातली वाक्यं भरपूर होती. म्हणजे कुठला अर्थ 'कॉमन' हे तुम्ही काय वाचता त्यावर ठरतं. आपण हीच सहा खोकी वापरू आणि माझ्याकडून दोन वाढवू.

*रांग.* इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश. वाट बघत एकामागे एक उभी असलेली माणसं म्हणजे अमेरिकेत 'लाइन' आणि ब्रिटनमध्ये 'क्यू'. अमेरिकन माणूस 'स्टँड इन लाइन' म्हणतो, न्यूयॉर्ककडचे बरेच लोक चक्क 'ऑन लाइन' म्हणतात (इंटरनेटशी संबंध नाही, इंटरनेटवाला 'ऑनलाइन' एकच शब्द जोडून लिहितात), आणि ब्रिटिश माणूस सरळ 'क्यू' करतो, कारण तो शब्द क्रियापद म्हणूनही चालतो. मध्ये घुसणं म्हणजे अमेरिकेत 'कट इन लाइन', ब्रिटनमध्ये 'जंप द क्यू'. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र अमेरिकन लोक पण क्यूच म्हणतात, प्रिंटरकडे कामं साठली की 'प्रिंट क्यू', त्याला 'प्रिंट लाइन' म्हणत नाहीत.

'रो' वेगळी. रो म्हणजे शेजारी शेजारी, थिएटरमधल्या खुर्च्यांची, शेतातल्या रोपांची, किंवा एक्सेलमधली आडवी. एक्सेलमध्ये उभी असते ती 'कॉलम'. एकामागे एक चालत जाणं म्हणजे 'सिंगल फाइल', इथे फाइलचा कागदांशी संबंध नाही. सैन्यात शेजारी शेजारी उभे असलेल्यांची ओळ म्हणजे 'रँक', आणि 'रँक अँड फाइल' म्हणजे साधे शिपाई, त्यावरून कुठल्याही संघटनेतले साधे सभासद. आणि हो, 'रो'चं स्पेलिंग तसंच ठेवून उच्चार 'राउ' केला तर ब्रिटिश इंग्रजीत अर्थ होतो भांडण. असं का ते विचारू नका, तो वेगळाच शब्द आहे, फक्त कपडे सारखे घातलेत.

*मजकूर.* पानावरची ओळ. इथली कॉमन चूक म्हणजे लाइन आणि सेंटेन्स एकच समजणं. सेंटेन्स म्हणजे वाक्य, ते पूर्णविरामापर्यंत जातं, मग ते तीन ओळींत पसरलेलं का असेना. कवितेतली एक ओळ पण लाइन, आणि कडवं म्हणजे 'स्टँझा'. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हणजे दोन ओळी लिहून पाठव. बातमीतलं मथळ्याचं 'हेडलाइन', बातमीदाराच्या नावाचं 'बायलाइन', गाव आणि तारखेचं 'डेटलाइन' हे सगळे इथलेच. नफा-तोटा पत्रकातली शेवटची ओळ, जिथे नफा का तोटा ते कळतं, ती 'बॉटम लाइन', आणि त्यावरून कुठल्याही चर्चेत 'द बॉटम लाइन इज...' म्हणजे 'शेवटी मुद्दा काय तर...'.

याच खोक्यात एक गोष्ट मराठी माणसाला हमखास चकवते. सिनेमातला भारी 'डायलॉग' आपण म्हणतो ना, त्याला इंग्रजीत म्हणतात 'लाइन'. 'वॉट अ लाइन!' म्हणजे काय डायलॉग आहे! इंग्रजीत 'डायलॉग' म्हणजे दोघांमधलं संभाषण, सुटं एक वाक्य नाही. नट डायलॉग विसरला तर 'ही फरगॉट हिज लाइन्स', आणि विनोदातलं शेवटचं हसवणारं वाक्य म्हणजे 'पंचलाइन'. ब्रिटिश शाळेत 'लाइन्स' ही शिक्षा असते, तेच वाक्य शंभर वेळा लिहा वगैरे, तिकडचं बालसाहित्य वाचताना हे माहीत असू द्या.

*सीमा.* देशादेशांमधली हद्द म्हणजे 'बॉर्डर', जमिनीची किंवा मैदानाची 'बाउंड्री', वेगाची किंवा खर्चाची 'लिमिट', टेबलाची 'एज'. लाइन केव्हा? जेव्हा कुणीतरी ती आखलेली असते. म्हणून नकाशावर ती आखणाऱ्याचं नाव लागतं: 1893 ची ड्युरँड लाइन, 1914 ची मॅकमहॉन लाइन, 1947 ची रॅडक्लिफ लाइन. यावरूनच वागण्याची हद्द पण लाइन झाली. 'क्रॉस द लाइन' म्हणजे मर्यादा सोडणं, 'ड्रॉ द लाइन' म्हणजे इथपर्यंतच, पुढे नाही असं ठरवणं. फक्त खलाशी 'क्रॉस द लाइन' म्हणाला तर त्याने काही आगाऊपणा केलेला नसतो, त्यांच्या भाषेत 'द लाइन' म्हणजे विषुववृत्त.

'डेडलाइन' पण इथलीच आणि तिचा इतिहास अंगावर येणारा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालायचे, म्हणून ती 'डेड लाइन'. काम संपवायच्या मुदतीला हा शब्द नंतर विसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांकडून रुळला.

*दोरी.* जाडीप्रमाणे बारीक 'थ्रेड', मग 'स्ट्रिंग', मग 'कॉर्ड', मग 'रोप'. धातूची असेल तर 'वायर', जाड आणि आत बऱ्याच तारा असतील तर 'केबल'. लाइन तेव्हा म्हणायचं जेव्हा दोरीला ठराविक काम असतं: कपडे वाळत घालायची 'क्लोदलाइन', मासे पकडायची 'फिशिंग लाइन'. जहाजावरचे लोक तर दोर कामाला जुंपला की त्याला रोप म्हणायचंच सोडतात, तो लाइन होतो. 'हुक, लाइन अँड सिंकर' हा वाक्प्रचार गळ, दोरी आणि वजन यावरून आलाय, माशाने सगळंच गिळलं, म्हणजे माणसाने थाप पूर्ण खरी मानली.

*फोन.* इथे फार काही नाही. 'द लाइन इज बिझी' अमेरिकन, 'एंगेज्ड' ब्रिटिश. 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नका, पण युद्धाच्या बातमीत तेच आलं तर मोर्चा सोडू नका.

*माल.* एका कंपनीच्या एका प्रकारच्या वस्तू म्हणजे 'प्रॉडक्ट लाइन', ब्रिटनमध्ये 'रेंज' जास्त ऐकू येतं, कपड्यांना 'कलेक्शन' पण म्हणतात. याला 'प्रॉडक्शन लाइन'शी मिसळू नका, ती कारखान्यातली, जिथे वस्तू एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर सरकत जाते. फोर्डने 1913 मध्ये मोटारींसाठी चालती 'असेंब्ली लाइन' सुरू केली ती या जातीतली.

*मार्ग* (हे माझं वाढीव खोकं). रेल्वेची लाइन, मेट्रोची लाइन, आणि ठरलेल्या मार्गावर जहाजं चालवणारी कंपनी पण लाइन, म्हणून तिची जहाजं 'लायनर', आणि नंतर विमानं आली तेव्हा त्या कंपन्या 'एअरलाइन'. विमानाला कसली रेषा असा प्रश्न पडला असेल तर हे उत्तर. 'एंड ऑफ द लाइन' म्हणजे शेवटचं स्टेशन, आणि लाक्षणिक अर्थाने 'आता पुढे काही होणं नाही'.

*काम आणि विचार.* 'लाइन ऑफ वर्क' म्हणजे धंदा किंवा क्षेत्र, जवळचा शब्द 'फील्ड'. 'लाइन ऑफ थिंकिंग' म्हणजे विचारांची दिशा. 'पार्टी लाइन' म्हणजे पक्षाची अधिकृत भूमिका, तिच्याप्रमाणे वागणं म्हणजे 'टो द लाइन'. हा 'टो' पायाच्या बोटाचा बरं का, बोटं रेषेला टेकवून उभं राहायचं. बरेच जण गाडी ओढण्याच्या 'टो'चं स्पेलिंग लिहितात, इंग्रज पण लिहितात, तरी ते चूकच. ऑफिसात तुमच्या थेट वरचा साहेब 'लाइन मॅनेजर', आणि दुसऱ्या कुणालाही थोडंफार रिपोर्ट करायचं असेल तर ते 'डॉटेड लाइन', कारण कंपनीच्या तक्त्यात ते नातं तुटक रेषेने दाखवतात.

क्रिकेटवाल्यांना 'लाइन अँड लेंग्थ' सांगायची गरज नाही, लाइन म्हणजे स्टंपच्या हिशोबाने चेंडू डावी-उजवीकडे कुठे आहे ते, लेंग्थ म्हणजे टप्पा कुठे पडला ते.

पायरी ३: शेजारचे शब्द बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि लोक हीच गाळतात. लाइन एकटी काही सांगत नाही, तिच्या आजूबाजूचे शब्द सांगतात. 'बिझी' आला की फोन, 'लाँच्ड अ न्यू' आला की माल, 'लर्न' आला की नाटक, 'वेट' आला की रांग. वर सांगितलेल्या प्रयोगात कॉम्प्युटर पण हेच करत होता, आसपासचे शब्द मोजत होता.

त्याहून बारीक म्हणजे छोटे शब्द. हे जरा तोंडपाठच करा, इथे लॉजिक फार चालत नाही. 'इन लाइन' म्हणजे रांगेत थांबलेला. 'इन अ लाइन' म्हणजे एका सरळ रेषेत, मग ती झाडं असोत नाहीतर खांब. 'इन लाइन विथ' म्हणजे च्याप्रमाणे, ला धरून. 'इन लाइन फॉर' म्हणजे मिळण्याच्या बेतात, प्रमोशन वगैरे. 'आउट ऑफ लाइन' म्हणजे आगाऊ वागणं. 'ऑन द लाइन' म्हणजे फोनवर, किंवा पणाला लागलेलं, नोकरी 'ऑन द लाइन' असेल तर ती जाऊ शकते. 'डाउन द लाइन' म्हणजे पुढे कधीतरी. 'अलाँग द लाइन्स ऑफ' म्हणजे साधारण तशा धर्तीचं, इथे कायम अनेकवचन. एका 'अ' किंवा 'द' ने अर्थ बदलतो, आणि मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपण नेमकं तेच खाऊन टाकतो.

पायरी ४: पर्यायी शब्द अदलाबदल करून तपासा

थिसॉरस (समानार्थी शब्दांचा कोश) उघडला की लाइनसमोर रो, क्यू, स्ट्राइप, स्ट्रीक, रिंकल, बॉर्डर, कॉर्ड, रेंज असं सगळं एका दमात दिसतं आणि नवीन माणूस त्यातला जरा भारी वाटणारा उचलतो. असं करू नका. समानार्थी शब्द हा शब्दाला नसतो, त्याच्या एकेका अर्थाला असतो. म्हणून आधी खोकं ठरवा, मग त्याच खोक्यातला पर्याय घ्या, मूळ वाक्यात टाका आणि मोठ्याने वाचा.

चेहऱ्याचं उदाहरण घ्या. 'लाइन्स' आणि 'रिंकल्स' दोन्ही सुरकुत्याच, पण लाइन्स बारीक आणि जरा सभ्य, रिंकल्स स्पष्ट दिसणाऱ्या, म्हणून क्रीमच्या जाहिरातीत 'फाइन लाइन्स' असतं. कपड्याला पडते ती 'क्रीज'. झेब्राच्या अंगावर 'स्ट्राइप्स' असतात, लाइन्स म्हटलं तर पेनने आखल्यासारखं वाटतं, कारण स्ट्राइपला रुंदी असते. 'स्ट्रीक' वेडीवाकडी, केसातली किंवा काचेवरची, आणि लागोपाठ जिंकण्याला पण 'विनिंग स्ट्रीक', तिथे लाइन चालत नाही.

गणितात तर आणखी कडक. 'लाइन' दोन्ही बाजूंनी अनंत, दोन टोकं असतील तर 'लाइन सेगमेंट', एकच टोक असेल तर 'रे'. आपल्याकडे रेषा, रेषाखंड, किरण. बोलताना याची कुणाला पडलेली नसते, पण पेपरात मार्क जातात.

पायरी ५: आपली मराठी 'लाइन' इंग्रजीत नेताना थांबा

'लाइन गेली' म्हणजे वीज गेली, हे इंग्रजीत 'द पॉवर इज आउट'. 'द लाइन वेंट डेड' म्हणालात तर ऐकणाऱ्याला फोन बंद पडला असं वाटेल. 'लाइन मारणे' याला 'हिट ऑन' किंवा 'फ्लर्ट', शब्दशः केलंत तर कुणाला काही कळणार नाही. तरी इंग्रजीत 'पिकअप लाइन' आहेच, म्हणजे ओळख काढायला टाकलेलं वाक्य, पण ते वाक्य आहे, कृती नाही. 'मी या लाइनमध्ये नवीन आहे' म्हणताना 'लाइन ऑफ वर्क' किंवा 'फील्ड' म्हणा, नुसतं 'इन धिस लाइन' म्हटलं तर समोरचा मागे वळून रांग शोधेल. 'त्याला लाइनवर आणलं' याला मात्र 'ब्रॉट हिम इनटू लाइन' बऱ्यापैकी जमतं, फक्त त्यात शिस्त लावल्याचा सूर जास्त आहे.

पायरी ६: डिक्शनरी कशी बघायची

शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी घ्या, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन, तिघांच्याही वेबसाइट फुकट बघता येतात. पहिला अर्थ वाचून बंद करू नका, खूप अर्थ असलेल्या शब्दांना प्रत्येक अर्थाच्या सुरुवातीला छोटं शीर्षक दिलेलं असतं, आधी फक्त ती शीर्षकं वरून खाली वाचा, तुमचं खोकं सापडलं की तिथलं उदाहरण वाचा. वहीत अर्थ न लिहिता अख्खं वाक्य लिहा. आणि एका दिवशी एकच खोकं, सगळी एकदम नकोत.

आता हे करून बघा, उत्तरं खाली आहेत पण आधी स्वतः ठरवा.

क) 'हर फादर वॉज द लास्ट इन अ लाँग लाइन ऑफ डॉक्टर्स.'
ख) 'देअर इज अ फाइन लाइन बिटवीन ब्रेव्ह अँड स्टुपिड.'
ग) 'आय रेड बिटवीन द लाइन्स.'
घ) 'सेकंड इन लाइन टू द थ्रोन.'
च) 'समबडी इज ऑन द अदर लाइन.'

क मध्ये वंश आहे (त्याचं वेगळं खोकं आपण केलं नव्हतं, पायरी १ मधला धागा आठवा), घराण्यात पिढ्यान् पिढ्या डॉक्टर, दवाखान्यातली रांग नाही. ख मध्ये सीमा, आणि 'फाइन' म्हणजे छान नाही, बारीक. ग मजकुराचं खोकं, न लिहिलेलं ओळखलं. घ मध्ये राजगादीचा वारस, रांग आणि वंश दोन्ही एकत्र आलेत, त्यामुळे दोन्हीपैकी काहीही लिहिलं असेल तर बरोबर धरा. च मध्ये दुसऱ्या फोनवर कुणीतरी आहे, आणि इथे 'रो' किंवा 'क्यू' टाकून बघा, लगेच कळेल का चालत नाही ते.